अर्धवट राहिलेली जुनी गाडी : पुरी करायची, विकायची की सुटी करायची?

पाठाचा हेतू

ऑटोमोबाइल अभियांत्रिकीत आपण गाडी कशी बनते ते शिकतो, कशी चालते ते शिकतो आणि बिघडली तर काय करायचे तेही थोडेफार शिकतो. मात्र दुरुस्तीचे काम अर्ध्यावर थांबले तर पुढे काय करायचे, हा प्रश्न कोणत्याच पेपरात येत नाही. प्रत्यक्षात तो जागोजागी दिसतो. भिलाईच्या टाउनशिपमध्ये, दुर्गच्या जुन्या वाड्यांत, गॅरेजच्या मागच्या बाजूला ताडपत्रीखाली एखादी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर विटांवर उभी असते. इंजिन एका कोपऱ्यात, दारे दुसऱ्या कोपऱ्यात. मालकाला विचारले तर उत्तर ठरलेले असते, "करायचीय, यंदा करायचीय."

हा पाठ वाचून झाल्यावर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी जमल्या पाहिजेत.

- थांबलेल्या गाडीच्या सांगाड्याची स्वतः तपासणी करणे.
- झालेला खर्च बाजूला ठेवून पुढचा हिशेब मांडणे.
- गाडी पुरी करणे, आहे तशी विकणे आणि सुटी करणे या तीन पर्यायांतून कारण देऊन एक निवडणे.
- गाडी सुटी करायची ठरल्यास ते काम सुरक्षितपणे आणि कायद्यात बसेल असे करणे.

१. उदाहरणाची गाडी

या पाठात एकच गाडी उदाहरण म्हणून घेतली आहे. ती माझ्या वडिलांची, १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी. बाबा तरुणपणी वर्ध्याहून भिलाईला आले, पोलाद कारखान्यात लागले आणि इथलेच झाले. त्या काळात गाडीसाठी नंबर लावून वाट पाहावी लागे. त्यामुळे ती घरी आली तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते, असे आई सांगते.

२०१२ मध्ये मी ती उघडली. कल्पना अशी होती की दोन उन्हाळी सुट्ट्यांत गाडी नवी करायची आणि त्यातून विद्यार्थ्यांसाठी चांगले प्रात्यक्षिकही होईल. इंजिन उतरवले, आतले सामान काढले, काचा काढून पोत्यात गुंडाळल्या, क्रोमचे तुकडे पेटीत भरले. २०१४ पर्यंत सुमारे दीड लाख रुपये खर्च झाले. मग मुलांच्या शाळा, आईचे आजारपण, परीक्षांची कामे असे करत हात थांबला. बाबा दर दिवाळीला विचारायचे, "गाडीचं काय?" मी म्हणायचो, "यंदा करू." असे सात वेळा झाले. २०२१ मध्ये मी ती गाडी सुटी केली. तो निर्णय चुकला नव्हता. चुकली होती ती सात वर्षांची टाळाटाळ. का, ते पुढे आकड्यांत पाहू.

२. ही गाडी कोणती होती

निर्णय घेण्याआधी गाडीची कुळकथा माहीत असावी. पार्ट मिळतील की नाही, हे बरेचसे तिच्यावर ठरते.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सुरू केली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यावर फियाट ११०० बनू लागली. १९६४ मध्ये तिची 'डिलाइट' ही आवृत्ती आली, पुढे तीच 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ घन सेंटिमीटरचे. गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर. ओढ मागच्या चाकांना. ऐंशीच्या दशकात मारुती आली, मग बाकीच्या गाड्या आल्या आणि नवे शतक लागताना पद्मिनीचे उत्पादन बंद झाले.

मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हीच गाडी येते. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. ही केवळ आठवणीची गोष्ट नाही. टॅक्सी मोडीत निघत होत्या तोवर त्यांचे गिअरबॉक्स, दारे, स्टीअरिंग बॉक्स कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या दुकानांत येत राहत. आता तो झरा आटला. यापुढे एखाद्या पद्मिनीला पार्ट मिळणार, तर तो मुख्यतः दुसऱ्या पद्मिनीतून. म्हणूनच ताडपत्रीखालच्या प्रत्येक गाडीबद्दल नीट विचार करायला हवा.

अ‍ॅम्बेसेडरची कथा अशीच आहे. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली ही गाडी पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला बनत असे. २०१४ मध्ये तेही उत्पादन थांबले.

३. गाडी थांबते, गंज थांबत नाही

पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर या दोन्ही गाड्यांना वेगळी चॅसिस नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. जुन्या जीपमध्ये खाली शिडीसारखी चॅसिस असते आणि वर बॉडी बोल्टने बसवलेली असते. पद्मिनीत मात्र पत्र्याच्या पेट्या एकमेकींना स्पॉट वेल्डने जोडून सगळी बॉडीच भार उचलते. दारांखालून पुढून मागे जाणारी जी बंद पेटी असते, तिला मिस्त्री 'सिल' म्हणतात. ही सिल कुजली तर गाडीचा कणा गेला असे समजा. दारावर भोक पडले तर तो रंगकाम करणाऱ्याचा प्रश्न आहे; सिलमध्ये भोक पडले तर तो सामर्थ्याचा प्रश्न आहे.

आता वेग पाहू. गंजाच्या वातावरणांचे जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे, त्यात मध्यम वर्गाच्या हवेत उघड्या साध्या पोलादाची जाडी पहिल्या वर्षी २५ ते ५० मायक्रोमीटर कमी होते. बॉडीचा पत्रा ०.८ ते १ मिलिमीटर जाडीचा असतो. उदाहरणापुरते धरू :

पत्रा = ०.९ मिमी = ९०० मायक्रोमीटर
झीज = वर्षाला ४० मायक्रोमीटर, दोन्ही बाजूंनी
७ वर्षांची झीज = ४० × २ × ७ = ५६० मायक्रोमीटर
उरलेला पत्रा = ३४० मायक्रोमीटर, म्हणजे मूळ जाडीच्या सुमारे ३८ टक्के

उघड्या, वाळणाऱ्या पृष्ठभागावर हा वेग पुढे मंदावतो, कारण गंजाचा थर थोडा आडोसा देतो. पण सिलच्या आत माती साचलेली असते. ती चार महिन्यांचा पावसाळा पिऊन बसते आणि दिवाळीपर्यंत ओली राहते. तिथे झीज सारखी होत नाही, ठिकठिकाणी खड्डे पडतात आणि पत्रा वरच्या हिशेबाच्या कितीतरी आधी फुटतो. शिवाय गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त असते. त्यामुळे दोन पत्रे जिथे एकमेकांवर वेल्ड केलेले असतात, तिथे गंज आतून फुगून वेल्ड उचकटतो.

माझी एक चूक इथे सांगतो. मी गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधून ठेवली होती. पाऊस बाहेर राहिला, पण जमिनीची वाफ आत कोंडली. रोज पहाटे आतल्या बाजूला दव धरायचे. त्यापेक्षा चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेड आणि खाली कोरडी फरशी असती तर सांगाडा टिकला असता. गाडी ठेवायचीच असेल तर वर छप्पर आणि चहूकडून वारा, हा नियम लक्षात ठेवा.

पत्र्याशिवाय इतर गोष्टीही बसून खराब होतात. पेट्रोलचा चिकटा होऊन कार्बोरेटरची जेट बुजतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात. रिंगा बोअरला धरतात. वायरिंगचे आवरण कडक होते आणि उरलेले उंदीर खातात. मात्र यातले बहुतेक सामान बदलता किंवा उघडून साफ करता येते. सांगाडा बदलता येत नाही. म्हणून तपासणी तिथून सुरू करायची.

४. तपासणी : चार प्रश्न

*पहिला प्रश्न : सांगाडा.* लागणारी साधने साधी आहेत, एक चुंबक, एक बोथट स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च आणि जॅक.

- चुंबक सिल, दारांच्या खालच्या कडा आणि चाकांच्या कमानींवर फिरवा. जिथे तो धरत नाही, तिथे रंगाखाली पुट्टी आहे.
- रबराची मॅट उचलून तळाचा पत्रा, डिकीतली स्टेपनीची जागा, बॅटरीखालचा पत्रा आणि पुढच्या काचेच्या रबराखालची कड पाहा. स्क्रू ड्रायव्हरने टोचा. 'टण्' असा आवाज आला तर पत्रा जिवंत आहे, 'खस्स' आवाज आला तर संपला.
- मागच्या कमानीचे पाटे जिथे बॉडीला अडकतात, ती जागा हाताने चाचपून पाहा.
- दारे लावलेली असतील तर जॅकच्या ठरलेल्या जागी जॅक लावून एक बाजू हळूहळू उचला. दार आणि खांब यांमधली फट बदलली किंवा दार अडकू लागले, तर सांगाडा वाकतो आहे. गाडीखाली जायचे असेल तर जॅकच्या भरवशावर जाऊ नका, स्टँड लावा.

*दुसरा प्रश्न : कागद.* आरसी बुक आहे का, कोणाच्या नावावर आहे, मुदत केव्हा संपली? चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर बुकाशी जुळतात का? मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर गाडी झाली आहे का? कागद नसलेली पुरी गाडी ही कागद असलेल्या अर्ध्या गाडीपेक्षा कमी मोलाची असते.

*तिसरा प्रश्न : सामान.* सुट्या वस्तूंची यादी करा. इंजिनची बेअरिंग, ब्रेकची रबरे, क्लच प्लेट यांचे कुठेतरी जमते. हेडलाइटच्या रिंगा, मागच्या दिव्यांच्या काचा, डॅशबोर्डचे मीटर, ग्रिल, दारांची हँडले, क्रोमच्या पट्ट्या यांचे मात्र जमत नाही. गाडी या बारीक वस्तूंसाठीच अडून राहते.

*चौथा प्रश्न : वेळ.* उरलेल्या कामाचे तास लिहा आणि गेल्या बारा महिन्यांत आपण या गाडीला प्रत्यक्ष किती तास दिले, ते लिहा. काम ४०० तासांचे उरले असेल आणि गेल्या वर्षी १० तास दिले असतील, तर ही गाडी ४० वर्षांनी पुरी होईल. हा भागाकार क्रूर वाटतो, पण तो खोटे बोलत नाही.

५. हिशेब

पुढील आकडे शिकवण्यासाठी गृहीत धरले आहेत. आपल्या गाडीचे आकडे आपण भरावेत.

आजवर झालेला खर्च : १,५०,००० रुपये
पुरी करायला लागणारा खर्च : २,६०,००० रुपये
पुरी झाल्यावर येणारी किंमत : २,२०,००० रुपये
आज आहे तशी विकल्यास : ४५,००० रुपये
सगळ्या पार्टची मिळून किंमत : ९०,००० रुपये

*पर्याय क, पुरी करणे :* २,२०,००० − २,६०,००० = −४०,००० रुपये.

*पर्याय ख, आहे तशी विकणे :* +४५,००० रुपये.

*पर्याय ग, सुटी करणे :* इथे बहुतेक जण ९०,००० हाच आकडा धरतात आणि फसतात. क्रोम, काचा, मीटर पहिल्या महिन्यात जातात. मागची सीट आणि वाकलेले मडगार्ड पाच वर्षे पडून राहते. सरासरी ६० टक्के माल खपेल असे धरू, म्हणजे ५४,०००. उरलेला सांगाडा २५० किलो, किलोला २५ रुपये दराने ६,२५०. सुटे करण्याची मजुरी, पॅकिंग, भाडे आणि फोनाफोनी यांचे २०,००० वजा. हाती येतात ५४,००० + ६,२५० − २०,००० = ४०,२५० रुपये.

या हिशेबातून तीन गोष्टी दिसतात.

पहिली, झालेला दीड लाख खर्च एकाही पर्यायात आला नाही. तो तिन्ही वाटांवर सारखाच गेलेला आहे. "इतके घातलेत, आता कसे सोडू?" हा विचार मनाला पटतो, हिशेबात मात्र त्याला जागा नाही.

दुसरी, सांगाडा शाबूत असताना गाडी आहे तशी विकणे हे सुटी करण्याइतकेच फायद्याचे ठरते, शिवाय ते एका दिवसात होते आणि गाडीही वाचते. म्हणून आधी अख्खी गाडी घेणारा शोधावा. निदान सहा महिने तरी शोधावा.

तिसरी गोष्ट भावनेची. क आणि ख यांत ८५,००० रुपयांचे अंतर आहे. याचा अर्थ गाडी पुरी करू नका, असा नाही. ही गाडी माझ्या हातून पुरी व्हावी, या इच्छेची किंमत आज ८५,००० रुपये आहे, इतकाच त्याचा अर्थ. ती खुशीने मोजायची तयारी असेल तर क हा पर्याय योग्यच आहे. लोक लग्नात, सहलीत याहून जास्त घालतात. फक्त आकडा माहीत असून घाला.

आता याच गणितात सिल कुजवू. सांगाड्याच्या कामाचे ८०,००० रुपये वाढले, म्हणून क होतो −१,२०,०००. कुजलेली गाडी अख्खी कोणी २०,००० लाच मागतो, म्हणून ख होतो +२०,०००. ग मात्र जवळजवळ तिथेच राहतो, ४०,२५०. निर्णय उलटला. गंजाने फक्त पत्रा खाल्ला नाही, एक पर्यायही खाल्ला. २०१४ मध्ये माझ्या गाडीची सिल टणक होती. नागपूरच्या एका गृहस्थाने अख्खी गाडी मागितलीही होती. २०२१ मध्ये त्याच जागी स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

६. वयाचा मुद्दा : पन्नास वर्षे

२०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली दुचाकी किंवा चारचाकी या वर्गात येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरती ती रस्त्यावर आणता येते. सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा.

म्हणजे १९७४ ची पहिली पद्मिनी २०२४ मध्ये या वर्गात पोचली आणि १९८५ ची २०३५ मध्ये पोचेल. ज्याच्याकडे सत्तरच्या दशकातली मूळ रूपातली गाडी आहे, त्याने ती सुटी करण्याआधी दहादा विचार करावा. आणि दुरुस्ती करताना आधुनिक इंजिन घालण्याचा मोह झाला, तर आपण हा दरवाजा बंद करतो आहोत, हेही लक्षात असू द्यावे. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तुरीनच्या सनदेचाही सूर हाच आहे : जितके मूळ जपता येईल तितके जपा, नव्याने बनवणे हा शेवटचा उपाय.

७. सुटी करायची ठरल्यास

घाईत सुटी केलेली गाडी भंगारात जाते, नीट सुटी केलेली चार गाड्यांत जगते. क्रम असा ठेवावा.

१. बॅटरी काढा. ती भंगारवाल्याला न देता बॅटरी विक्रेत्याकडे परत करा.
२. पेट्रोल, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, रेडिएटरचे पाणी वेगवेगळ्या डब्यांत काढा. नालीत ओतू नका.
३. प्रत्येक पार्ट काढण्याआधी फोटो घ्या. नटबोल्ट त्याच्याच पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी.
४. आधी काचा आणि रबरे, मग क्रोम, दिवे, मीटर. पुढे दारे, बोनेट, डिकी. शेवटी इंजिन-गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल.
५. वायरिंग कापू नका, कनेक्टर सोडवून अख्खे हार्नेस काढा.
६. ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेने उडवू नका. जुन्या ब्रेक शूजमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क बांधा.
७. ब्रेकचे होज, व्हील सिलिंडरची रबरे, जुने टायर कोणाला विकू नका. स्वस्तात मागितले तरी नाही. त्यावर कोणाचा तरी जीव टांगलेला असतो.

विकताना जो स्वतःची गाडी पुरी करतो आहे, त्याला पहिला मान द्या. चिठ्ठीवर पार्टची खरी स्थिती लिहा. 'चालू होते तेव्हा काढले' आणि 'बसून होते तेव्हा काढले' यांत फार फरक आहे.

८. कायद्याची बाजू

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवता येते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाची फी खूप वाढली. मुदत संपवून बसलेल्या गाडीचा हा खर्च हिशेबात धरायला विसरू नका.

गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ नुसार मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसी परत करायची असते. आरसी आणि चॅसिस नंबरचा तुकडा कोणी वेगळा मागितला तर स्पष्ट नकार द्या. चोरीच्या गाडीला आपल्या गाडीचे नाव चढवायला तो वापरला जाऊ शकतो.

२०२१ च्या नियमांनी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रे आली. तिथे गाडी जमा केल्यावर प्रमाणपत्र मिळते. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी आयुष्य संपलेले वाहन १८० दिवसांच्या आत अशा केंद्रात किंवा संकलन केंद्रात देण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. नोंदणीची मुदत संपलेली गाडीही यात येऊ शकते. म्हणून आज सुटी करायला घेणाऱ्याने पाना उचलण्याआधी आरटीओ आणि जवळचे केंद्र या दोन्ही ठिकाणी चौकशी करावी : कोणते पार्ट काढलेले चालतील, अपुरा सांगाडा घेतात का, कागद कोणते लागतील. मी २०२१ मध्ये केले तेव्हा हे नियम लागू नव्हते. नोंदणी रद्द करून मगच सांगाडा दिला.

९. सांगाड्याचे पुढे काय होते

भिलाईच्या विद्यार्थ्याला हा भाग जवळचा वाटावा. आपला कारखाना रूळ आणि जाड प्लेटसाठी ओळखला जातो. गाडीचा पातळ पत्रा इथला नव्हे. पण भंगार होऊन हा पत्रा आपल्याच भागात येऊ शकतो. रायपूरजवळ उरला आणि सिलतरा इथल्या इंडक्शन भट्ट्यांत स्पंज आयर्नबरोबर भंगार वितळते. मोठ्या कारखान्याच्या कन्व्हर्टरमध्येही तापमान आटोक्यात ठेवण्यासाठी भंगार टाकतात.

भंगारात तांबे राहिले तर ते पोलादातून नेहमीच्या प्रक्रियेने काढता येत नाही. गरम पोलाद लाटताना पृष्ठभागाच्या कणांच्या सीमांवर ते गोळा होते आणि भेगा पडतात. समजा ६०० किलो पोलादाबरोबर ३ किलो तांबे भट्टीत गेले, तर प्रमाण होते ०.५ टक्के. चांगल्या पत्र्याला ते ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी लागते. म्हणजे वायरिंग, डायनॅमो, स्टार्टर, रेडिएटर नीट काढणे हे फक्त मालकाच्या खिशासाठी नाही. पुढच्या पोलादाचा दर्जाही त्यावर ठरतो.

१०. उदाहरणाचा शेवट

आमच्या पद्मिनीचे इंजिन आणि गिअरबॉक्स राजनांदगावच्या एका पद्मिनीत बसले. काचा आणि दारे अमरावतीला गेली. मीटर आणि ग्रिल पुण्याच्या एका मुलाने नेले. त्याची गाडी फक्त तेवढ्यासाठी दोन वर्षे अडली होती. मागची सीट अजून आमच्या गच्चीवर आहे.

सुटी करायचे ठरवले तेव्हा बाबांना सांगायला मला चार दिवस लागले. ते ऐकून म्हणाले, "दहा वर्षं झाली. तू नाही सांगितलंस तर मला कळणार नव्हतं होय?" पुढे राजनांदगावची गाडी सुरू झाली तेव्हा मालकाने आम्हाला बोलावले. बाबांनी बोनेटवर हात ठेवून मिनिटभर इंजिन ऐकले आणि म्हणाले, "टायमिंग जरा पुढे आहे. मागे घ्या." डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवला आणि इंजिन मऊ चालू लागले.

गाडी पुरी करणे चांगले, विकणे चांगले, नीट सुटी करणेही चांगले. वाईट आहे ते काहीच न ठरवणे, कारण मग आपल्या वतीने गंज ठरवतो. म्हणून थांबलेल्या प्रत्येक कामावर एक तारीख लिहा. त्या तारखेला तपासणी आणि हिशेब पुन्हा करा, आणि जे निघेल ते त्याच महिन्यात अमलात आणा.

स्वाध्याय

१. कलम ५ मधल्या उदाहरणात पार्ट खपण्याचे प्रमाण ६० ऐवजी ८० टक्के धरा. कोणता पर्याय पहिला येतो? किती टक्क्यांना ख आणि ग समान होतात?
२. ०.८ मिमी पत्र्याची झीज एकाच बाजूने वर्षाला ३० मायक्रोमीटर असेल, तर जाडी निम्मी व्हायला किती वर्षे लागतील? सिलच्या आत हे उत्तर का लागू पडत नाही?
३. आपल्या परिसरातली एक उभी गाडी मालकाची परवानगी घेऊन तपासा. चार प्रश्नांची उत्तरे एका पानात लिहा. शिफारस लिहिताना 'आजवर झालेला खर्च' हे शब्द वापरू नका.
४. पद्मिनी आणि जुनी जीप दोन्ही दहा वर्षे उघड्यावर उभ्या आहेत. पुरी करण्याच्या दृष्टीने कोणती सोपी जाईल? बांधणीच्या आधारे कारण द्या.